बारवेचं पाणी आणि रक्तातली हाक

उन्हाळ्यात मुंबईचे लोक महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, गेलाबाजार माथेरानला तरी जातात. मी उस्मानाबाद जिल्ह्यात गेले, तेही दुष्काळात, आणि तेही नारू बघायला. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. खरं सांगायचं तर कामाइतकंच दुसरंही एक कारण होतं. त्या हिवाळ्यात आई गेली होती. मे महिन्याच्या दुपारी परळच्या खोलीत बसून तिची रिकामी खाट बघण्यापेक्षा कुठेही जाणं बरं, असं मला वाटत होतं.

ज्यांनी नारू पाहिला नाही, आणि देव करो न पाहो, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. हा एक किडा. साचलेल्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिसवा असतात, त्यांच्या पोटात त्याची पिल्लं असतात. ते पाणी प्यालं की पिल्लं माणसाच्या अंगात शिरतात, वर्षभर गुपचूप वाढतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेवईसारखा पांढरा, हातभर लांब किडा पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. ओढला तर तुटतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढावा लागतो. पायाची आग होते म्हणून माणूस पाण्यात पाय बुडवतो, आणि किडा नेमकी तेव्हाच त्या पाण्यात पिल्लं सोडतो. म्हणून हा पायऱ्यांच्या विहिरीचा, बारवेचा रोग. जिथे वरून पोहऱ्यानं पाणी शेंदतात तिथे तो होत नाही.

मला रस होता तो मात्र किड्यात नव्हे, रक्तात. अंगात असा किडा असला की रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात नारिंगी दाणे दिसतात. या पेशी हाडांच्या आत, मज्जेत तयार होतात. आता किडा पायात आणि मज्जा हाडात. तिला बातमी लागते कशी? आमचा कयास असा होता, की रक्तातल्या दुसऱ्या काही पांढऱ्या पेशी, ज्यांना लिम्फोसाइट म्हणतात, त्या किड्याला ओळखतात. ओळखलं की चेततात आणि एक द्रव्य सोडतात. ते द्रव्य मज्जेपर्यंत गेलं की मज्जा इओसिनोफिल घडवायला घेते. म्हणजे एक पेशी हाक मारते आणि हाडं ऐकतात. ती हाक काचेच्या बशीत पकडायची, एवढंच माझं काम. त्यासाठी नारू झालेल्यांचं ताजं रक्त हवं होतं, आणि तुलनेसाठी त्याच गावातल्या, नारू कधीच न झालेल्या माणसांचंही.

नळदुर्ग

सोलापूर सोडून एस.टी. हैदराबादच्या रस्त्याला लागली आणि एकेक रंग कमी होत गेला. शेतं काळी, बांध काळे, बाभळी तेवढ्या हिरव्या. नळदुर्गला किल्ल्याखाली उतरले. बोरी नदी पावसाळ्यात किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून कोसळते आणि ते बघायला लांबून लोक येतात म्हणे. मी पाहिली तेव्हा तिच्या पात्रात शेळ्या बसल्या होत्या. ढाब्यावर ट्रकवाले तेलुगू, कानडी आणि दखनी अशा तीन भाषांत एकाच वेळी जेवत होते. माझ्या एका हातात सूक्ष्मदर्शकाची पेटी, दुसऱ्या हातात काचेच्या नळ्यांची टोपली आणि खांद्याला उकळलेल्या पाण्याचा मोठा थर्मास. ढाबेवाल्यानं आदरानं विचारलं, "बाई, शिनेमाचा खेळ हाय का?"

पोहोचलं की घरी कळवायचं, ही जन्माची सवय. मी त्याला टपालपेटी कुठं आहे असं विचारलं, आणि तो हात करून दाखवीपर्यंत आठवलं की आता कळवायला कुणी नाही. तरी मी पेटीपर्यंत जाऊन आले. इतक्या आपुलकीनं रस्ता दाखवणाऱ्या माणसाला काय सांगणार?

मला न्यायला काझी आले होते. ते आरोग्य खात्यात, पन्नाशीचे, पान खाऊन ओठ लाल झालेले. मलेरियासाठी गावोगाव रक्ताच्या काचा गोळा करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेलेली. खात्याची जीप बंद पडली होती, म्हणून त्यांनी दूध सोसायटीचा टेम्पो गाठला. दूध उतरवून रिकामे कॅन परत गावाकडे चालले होते. त्या कॅनांच्या मधे आम्ही दोघं. रस्ता असा, की कॅन नाचत होते आणि आम्हीही. उतरले तेव्हा माझ्या टोपलीतली रंगाची बाटली उपडी होऊन साडीवर जांभळे डाग पडले होते. काझी म्हणाले, "तकलीफ झाली मॅडम, पण एक बरं झालं. आता गाव तुम्हाला लांबून वळखंल."

शाळा

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला रक्त दिलं, ते आपलं नाव वर्तमानपत्रात यावं म्हणून नव्हे. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे चौथीच्या वर्गात माझी सोय झाली. दिवसा तोच दवाखाना, रात्री तेच शयनगृह.

जेवण देशमुखांच्या वाड्यावरून यायचं. ज्वारीच्या पातळ भाकरी आणि येसरची आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची लालभडक, झणझणीत आमटी. ती मी डोळ्यांतून पाणी काढत, पण शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. आमच्याकडे पाहुण्याला एकटं जेवू घालणं म्हणजे त्याचा अपमान. इथे उलट. पाहुण्याला सुखानं जेवता यावं म्हणून ताट ठेवून सगळे निघून जातात. त्या भल्या रिवाजानं माझा जीव काढला. बाकांकडे बघत जेवताना वाटायचं, बाई असती तर म्हणाली असती, अगं मीठ लागलं का नीट? बाई म्हणजे आई. तिला मी बाई म्हणायची.

सकाळी ओसरीवर रुग्ण येऊन बसत. बहुतेक गडीमाणसं, शेतात राबणारी. त्यांतला महादू हा देशमुखांचा सालगडी, तिशीचा, पायाला एरंडाचं पान बांधलेलं, त्याखाली काडीला गुंडाळलेला किडा. "बाई, ह्यो माझा बैल," तो म्हणाला. "रोज दोन बोटं वडतो. जास्त वडला की लाथ मारतो." मी रक्त घेताना मात्र त्यानं डोळे गच्च मिटले.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. सगळं गाव एकाच बारवेचं पाणी पितं, पण मोठ्या घरांतल्या बायकांना, मुलांना नारू जवळजवळ नाही. गड्यांना आहे, मजुरांना आहे. देशमुखीणबाई एकदा स्वतः ताट घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं.

"आमी पाणी गाळून पितो ना," त्या म्हणाल्या. "घागरीच्या तोंडाला फडकं बांधल्याबिगर आमच्या घरात पाणी येत न्हाय. गड्यांचं काय, ते शेतातनं येतात अन् तिथंच वाकून पितात."

"पहिल्यापासून गाळता?"

"न्हाय, पहिलं न्हवतं." आमटी वाढता वाढता त्या अगदी सहज म्हणाल्या, "ती वस्तीतली लोकं बारवेत उतराया लागली, तवापसनं. आता कायद्यानं काय बोलता येत न्हाय. मग फडकं बांधायचं, झालं. घ्या की अजून थोडी."

फडक्यानं पिसवा अडकतात आणि नारू टळतो, हे आमचं शास्त्र. इथे ते फडकं विटाळासाठी बांधलं होतं, आणि काम मात्र चोख करत होतं. मी वाटीवर हात आडवा धरला.

वस्ती

ओढ्यापलीकडे बौद्धांची वस्ती. छपरांवर निळा झेंडा, एक छोटं विहार, सारवलेली अंगणं. "हितं न्हारू कधीच न्हवता," काझी म्हणाले. कारण सोपं होतं. बारवेची बंदी असल्यानं या लोकांचा पूर्वीपासून आपला वेगळा आड होता, अरुंद, पायऱ्या नसलेला, वरून शेंदायचा. मला आनंद झाला. तुलनेसाठी याहून चांगली माणसं कुठे मिळणार? संशोधकाचा आनंद फार निर्लज्ज असतो.

पहिल्यांदा दंड पुढे केला तो गयाबाईंनी. साठीच्या, उंच, ताठ, आवाजात जरब. नवरा वारलेला. मुलगा ढोकीच्या साखर कारखान्यात कामाला, सुट्टीला येणारा. घरात सून सुमन, सातवी शिकलेली, उमरग्याकडची, पोटुशी. लग्नापासून नवऱ्यापाशी ढोकीला होती, ती पहिल्या बाळंतपणासाठी नुकतीच सासरी राहायला आलेली. गयाबाईंनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, मग सगळ्यांना हाका मारून रांगेनं बसवलं. मी सगळ्यांचं रक्त घेतलं. ऊन मी म्हणत होतं. तहान लागली तेव्हा मी सवयीनं थर्मास उघडला आणि प्याले.

गयाबाईंनी तांब्या उचलला आणि पाणी हळूच परत हंड्यात ओतलं. मला वाटलं, दुष्काळ आहे, पाणी जपतात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीत सूक्ष्मदर्शक मांडला, आरशावर ऊन घेतलं आणि काचा पाहू लागले. गयाबाईंची काच लावली तर सगळीकडे नारिंगी दाणे. काच बदलली असेल म्हणून नाव पुन्हा पुन्हा वाचलं. वस्तीतल्या आणखी काही काचांवरही तेच. सुमनची काच मात्र स्वच्छ होती.

"काझीसाहेब, हे लोक आडाचंच पाणी पितात ना?"

"आड गेल्या उन्हाळ्यातच आटला, मॅडम. आधी हक्क म्हणून वर्सातनं एखादी घागर न्यायचे, पण रोज बारवेचं पितात ते तवापसनं."

"मग गाळून प्यायला सांगा! तुमच्याकडे सरकारी कापड आहे ना?"

काझींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "दिलं हुतं. त्याची पोरांना झबली शिवली त्यांनी. मला म्हणाले, फडकं हंड्याला लागणार न्हाय. बिलकुल न्हाय. अन् मॅडम, तुमी काल तिथं तुमच्या बाटलीतलं पाणी पिलात, ते बरं न्हाय झालं."

मी त्या दुपारी एकटीच ओढा ओलांडून गेले.

गयाबाई जोंधळे निवडत होत्या. बसायला गोधडी टाकली, पण तांब्या ठेवला नाही.

"मी सगळीकडेच बाटलीतलं पिते," मी म्हणाले. "देशमुखांकडेसुद्धा."

"तिथं पिलात तर ते डॉक्टरी," त्या म्हणाल्या. "हितं पिलात तर ते दुसरं हुतं. तुमच्या मनात नसंल, पर हुतं."

मग मी त्यांना रक्ताचं सांगितलं. म्हटलं, "तुमच्या रक्तातल्या काही पेशींनी किडा ओळखलाय. त्या हाडांना हाक मारतायत, की याच्याशी लढणारी माणसं पाठवा. हाडं पाठवतायत. ती माणसं मी काचेवर पाहिली."

"हाडं ऐकतात व्हय?" त्यांनी हात थांबवला. "बरंय. आमची हाक ऐकाया गावाला लई वरसं लागली." मग शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे मला न्हारू हाय."

"असेल. पोटातल्या जंतांनीही असं होतं. खात्री किडा वर आल्यावरच."

"अन् सुमनला?"

"तिच्या रक्तात अजून काही नाही. ती नवीन आलीय. म्हणूनच मी आलेय, गयाबाई. तिच्यासाठी तरी पाणी गाळा. दुहेरी फडकं बांधलं की झालं."

सुमन दाराआडून ऐकत होती. गयाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"माझा मालक पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरला तवा वरनं दगड आले. कपाळाला खोक पडली. तरी घागर भरून वर आणली. दुसऱ्या दिवशी गावातल्या समद्या घागरींवर फडकी! आमी उतरलो म्हणून पाणी बाटलं, ते गाळून घ्यायचं. मालक मरस्तोवर म्हणायचा, आपल्या घागरीचं तोंड उघडं पायजे. अन् आता म्याच फडकं बांधू? माझ्या हातानं माझं पाणी बाटवू?"

मी म्हणाले, "गयाबाई, मला पाणी द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून हंड्यातून तांब्या भरून आणला. मी तो प्याले, सगळा, रिकामा होईपर्यंत.

शास्त्राच्या दृष्टीनं हा निखालस गाढवपणा होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. पण ते पाणी न पिता त्यांना शहाणपण सांगायचा मला हक्क नव्हता, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आजही वाटतं. शिवाय खरंच सांगते, कित्येक महिन्यांत माझ्या पिण्या न पिण्यानं कुणाला काही फरक पडला नव्हता. इथे पडत होता.

"लई मोठं काम केलं असं बगू नका," गयाबाई म्हणाल्या. "एक तांब्या पिलात. आमी रोज पितो."

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. "भाकरी खाऊन जावा." आणि त्या माझ्या शेजारीच बसल्या, स्वतःच्या ताटासकट. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. "मीठ लागलं का?" असं त्यांनी विचारलं आणि मी मान खाली घालून नुसतं हं म्हटलं.

निघताना विचारलं, "फडक्याचं काय?"

"बगू," त्या म्हणाल्या. 'बगू' म्हणजे नाही, एवढं मराठी मला येत होतं.

दूध सोसायटी

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाईच शाळेच्या दारात. "चला, सोसायटीत दूध घालाया जाती." त्यांच्या गाईचं दूध दुष्काळात जेमतेम तांब्याभर.

सोसायटी म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची खोली. आत कॅन, मापं, वजनकाटा आणि आंबूस वास. देशमुखांचा गडी, धनगराची म्हातारी, वस्तीतल्या दोन बायका, सगळे एकाच रांगेत. कॅनच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं. प्रत्येकाचं दूध मापून त्याच फडक्यातून त्याच कॅनमध्ये. तालुक्याला, तिथून सोलापूरला, सगळं एक होऊन जायचं. सोसायटी आली तेव्हा यावरही कुरबुर झाली होती म्हणे, पण पैसा सगळ्यांना हवा होता.

गयाबाईंनी आपलं दूध घातलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. "शेक्रेटरीसाहेब, ह्यातलं माझं दूध कुठलं?"

"आता कसं सांगू, गयाबाई? समदं एक झालं."

"अन् फडक्याचा राग येतो का कुणाला?"

"राग कशाचा? काडीकचरा निघतो. बिनागाळलेलं डेअरी घेत न्हाय. देशमुखांचं बी घेत न्हाय."

गयाबाईंनी ओल्या फडक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "समद्यांचं एका फडक्यातनं जातंय, म्हणून हितं वंगाळ वाटत न्हाय. एकट्याचं गाळलं की वंगाळ." एवढं बोलून रिकामा तांब्या घेऊन त्या चालू लागल्या. मला 'या' म्हणणं नाही, की काही नाही.

बारव

माझा शेवटचा दिवस. ताजं रक्त घेऊन लगेच निघायचं होतं, कारण जिवंत पेशी फार काळ वाट पाहत नाहीत. पहाटेच महादूचं आणि इतरांचं रक्त घेतलं, मग गयाबाईंचं घ्यायला वस्तीत गेले, तर सुमन म्हणाली, "त्या बारवेवर गेल्यात. तुमाला तिकडंच बोलावलंय."

बारव मोठी देखणी आहे. काळ्या घडीव दगडाची, खोल. दुष्काळात पाणी अगदी तळाशी गेलेलं, हिरवट, त्यामुळे पायऱ्या आणखीच लांब दिसत होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर गयाबाई बसल्या होत्या. समोर पितळी हंडा, त्याच्या तोंडावर नवऱ्याचं पांढरं धोतर दुहेरी करून बांधलेलं. वस्तीतल्या बायका खालून घागरी आणून त्या धोतरातून हंड्यात ओतत होत्या.

देशमुखांकडच्या बायका आपापली फडकी बांधलेल्या घागरी घेऊन आल्या आणि थबकल्या.

"फडकी सोडा," गयाबाई म्हणाल्या. "आजपसनं हितं गाळलेलंच मिळंल. समद्यांना एकच फडकं. सोसायटीसारखं."

एकीनं तोंडाला पदर लावला. गयाबाईंच्या हाताची बोटं धोतराच्या गाठीवर घट्ट झाली होती, ती मला दिसत होती. त्या सगळ्याच बायका परत गेल्या असत्या, किंवा गयाबाईंना ओलांडून खाली उतरल्या असत्या, तर ते धोतर पुन्हा कधी हंड्यावर चढलं नसतं. सुमनच्या पोटातल्या पोरासकट सगळी वस्ती उघडं पाणी पीत राहिली असती, मानानं.

तेवढ्यात महादू लंगडत शेताकडून आला. घामानं निथळत होता. सरळ पायऱ्यांकडे वळला.

"महादूबा, खाली उतरू नका," गयाबाई म्हणाल्या. "पाय पाण्यात घालू नका. वरच थांबा, म्या घालते."

माझ्याशेजारी काझी उभे होते. ते अगदी हळू म्हणाले, "मॅडम, ह्याच जागेवर वस्तीतल्या लोकांचे बाप-आजे उभे ऱ्हायचे. वरच थांबा म्हणायचे त्यांना. कुणाला दया आली तर लांबनं ओंजळीत पाणी घालायचं."

महादूनं गयाबाईंकडे पाहिलं. वाड्यावरच्या बायकांकडे पाहिलं. त्याच्या मालकाच्या घरच्या त्या. मग आपल्या पायाकडे, आणि खाली, फार खाली असलेल्या पाण्याकडे. काठी बाजूला ठेवून तो उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढे केली.

गयाबाईंनी लांबून पाणी घातलं नाही. त्या उठल्या, त्याच्यासमोर वाकल्या आणि तांब्याची कड त्याच्या हातांना टेकवून पाणी सोडलं. थेंबही सांडला नाही. तो प्याला, दम घेतला आणि म्हणाला, "अजून घाला, मावशी."

वाड्यावरच्या बायकांपैकी बहुतेक रिकाम्या घागरींनी परत गेल्या. एक मात्र रेंगाळली, इकडेतिकडे बघितलं आणि फडकं सोडून घागर पुढे सरकवली. मी गयाबाईंचं रक्त तिथेच पायरीवर घेतलं. नळ्या ओल्या कापडात गुंडाळल्या. टेम्पो रस्त्यावर भोंगा वाजवत होता. गयाबाईंना नमस्कार केला तर म्हणाल्या, "जावा आता. हाडांना सांगा, आमी ठीक हाओत."

कॅनांच्या मधे बसून परत जाताना काझी बरोबर नव्हते. धुळीमुळे गाव लवकर दिसेनासं झालं, आणि मला फार एकटं वाटलं.

परळ

पेशी जिवंत पोहोचल्या. नारूचा अर्क दाखवल्यावर त्यांनी आपलं द्रव्य सोडलं. ते द्रव्य मज्जेच्या पेशींवर घातलं आणि काही दिवसांनी बशीत इओसिनोफिलच्या वसाहती उगवल्या, बारीक, दाट. सगळ्यात दाट गयाबाईंच्या नळीतल्या. हाक मारण्यात त्यांच्या पेशी कुणाला ऐकणार नव्हत्या, याचं मला नवल वाटलं नाही. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. मी घरी गेले, कुलूप काढलं आणि एवढी मोठी बातमी कुणाला सांगावी ते कळेना, म्हणून सुमनला पत्र लिहिलं.

आषाढात तिचं उत्तर आलं. सासूबाईंना नारू निघाला. त्या पाण्यात उतरत नाहीत, वर बसूनच गाळतात. गावातली काही घरं येतात, काही अजून फिरकत नाहीत. सुमनला मुलगी झाली. पाणी गाळूनच पितो, असं तिनं खाली रेघ ओढून लिहिलं होतं.

हिवाळा सरता सरता प्रयोगशाळेत तुलनेला निरोगी माणसाचं रक्त कमी पडलं, म्हणून मी स्वतःचं घेतलं. काच रंगवली, लावली आणि बघत राहिले. नारिंगी दाणे. सगळीकडे. जंतांची तपासणी करून घेतली, जंत नव्हते. माझ्याही आत कुणीतरी किड्याला ओळखलं होतं, हाक मारली होती, आणि माझ्या हाडांनी ती ऐकली होती. घाबरायला हवं होतं. थोडी घाबरलेही. पण त्या संध्याकाळी आईच्या खाटेवर बसून मी जो विचार करत होते तो वेगळाच होता.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी नारू फक्त चित्रात पाहिलेला. काडी धरून रोज माझ्या पायाशी बसेल असं या शहरात मला कुणी नाही. मी सुमनला पत्र टाकलं. लिहिलं, किडा वर आला की येते. येईन तेव्हा पाय खराब असेल. गयाबाईंना सांग, मी पाण्यात उतरणार नाही. वरच थांबेन, ओंजळ धरून.